कुंपणावरची कळलावी आणि बाबांचा अंगठा

(द्वितीय वर्ष कला)

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. मासेमारीबंदी उठली आणि त्या पहाटे आमच्या बंदरातील सगळ्या होड्या बाहेर पडल्या. माझे वडील एका ट्रॉलरवर खलाशी आहेत. मला समजू लागल्यापासून हंगामाच्या पहिल्या दिवशी ते घरी राहिल्याचे आठवत नाही. त्या दिवशी मात्र ते पडवीतल्या खाटेवर पडून होते. उजव्या पायाचा अंगठा रात्रीत सुजून वांग्यासारखा झाला होता. झोपताना काही नव्हते. पहाटे तीनच्या सुमारास जाग आली ती या कळेने. पांघरुणाचा काठ अंगठ्याला लागला तरी हा समुद्रावर वाढलेला माणूस लहान मुलासारखा ओरडत होता.

शेजारपाजारचे येऊन पाहून गेले. कोणी म्हणाले, जनावर चावले असेल. कोणी म्हणाले, पाय मुरगळला. माझे काका म्हणाले, “वात हाय तो. दुसरं काय नाय.” आता वात म्हणजे नक्की काय, हे त्यांनाही सांगता आले नसते आणि मलाही विचारण्याचे सुचले नाही. पहिल्या पंधरवड्याचा वाटा बुडाला. तेवढ्यात काकांनी आठवडा बाजारातून एक पुडी आणली. ‘शंभर टक्के झाडपाल्याचे, अपाय नाही’ असे विकणारा ओरडून सांगत होता म्हणे. पुडीवर नाव नव्हते, गाव नव्हते, काय घातले आहे तेही नव्हते. दिवसातून तीन वेळा कोमट पाण्यातून घ्यावयाची.

खरे सांगते, दोन दिवसांत बाबा चालू लागले. चौथ्या दिवशी होडीवर गेले. आमच्या घरात त्या पुडीवाल्याचे नाव देवासारखे घेतले जाऊ लागले. पुढे अंगठा जरा ठणकला की पुडी, असे सुरू झाले. दिवाळीपर्यंत बाबांचा चेहरा गोल गरगरीत झाला. आई म्हणे, अंग धरले आहे, चांगले झाले. मग पायांवर सूज दिसू लागली, तहान फार लागू लागली, तेव्हा कुठे आम्ही त्यांना दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पुडी पाहिली, वास घेतला आणि म्हणाले, “यात झाडपाला किती आहे ते देव जाणे, पण स्टेरॉइड मिसळलेले असावे. रक्तातील साखर वाढली आहे. आणि ही पुडी एकदम बंद करावयाची नाही, हळूहळू सोडवावी लागेल, नाहीतर वेगळेच संकट उभे राहील.” रक्त तपासले. युरिक ॲसिड ९.४ निघाले. “हा गाऊट,” ते म्हणाले. मग हसून पुढे बोलले, “पूर्वी याला राजेलोकांचा रोग म्हणत.”

आमच्या घरात राजेलोकांचा रोग! आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे घरी अशी समजूत आहे की, मला छापलेले सगळे कळते. डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद, रक्ताचा अहवाल, गोळ्यांचे पाकीट, सारे माझ्या हातात आले. मला काहीच कळले नाही. मग मी ग्रंथालयात बसू लागले, विज्ञान शाखेच्या एका सरांना गाठले, संस्कृतच्या बाईंना त्रास दिला. त्यातून जे हाती आले ते माझ्या मित्रमैत्रिणींपुढे ठेवीत आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे, वैद्य नव्हे. एवढे ध्यानात ठेवून वाचावे.

आधी रोग समजून घेऊ. आपल्या शरीरातील पेशी झिजतात, मोडतात आणि आपण खातो त्या अन्नातही पेशी असतातच. त्या पेशींच्या केंद्रातील प्यूरिन नावाच्या द्रव्याचे शेवटी युरिक ॲसिड बनते. बहुतेक सस्तन प्राण्यांत ते आणखी फोडून टाकणारे एक विकर असते. माणसाच्या आणि त्याच्या जवळच्या वानरांच्या पूर्वजांत ते लाखो वर्षांपूर्वीच निकामी झाले. त्यामुळे आपल्याला ते मूत्रपिंडांतून, आणि साधारण एक तृतीयांश आतड्यांतून, बाहेर टाकावे लागते. टाकणे कमी पडले की रक्तात साठते. रक्ताच्या शंभर मिलिलिटरमध्ये सुमारे ६.८ मिलिग्रॅम एवढेच ते विरघळून राहू शकते. त्यापुढे सांध्यांत त्याचे सुईसारखे टोकदार स्फटिक बनण्याचा संभव असतो. साखरेच्या पाकात जास्त साखर झाली की पाक थंड झाल्यावर तळाशी दाणे धरतो, तसेच. आणि थंडीचा संबंध इथेही आहे. शरीराचे जे टोक सर्वांत थंड, तिथे स्फटिक लवकर बनतात. पायाचा अंगठा हे असेच टोक. स्फटिक बनले की रक्तातील पांढऱ्या पेशी त्यांना शत्रू समजून तुटून पडतात. अंगठा लाल होतो, तापतो, सुजतो. ठणका स्फटिक टोचल्याचा कमी आणि या लढाईचा जास्त.

हे वाचताना मला बाबांची होडी दिसू लागली. मासळी ठेवावयाच्या कप्प्यात बर्फ फोडीत तासन् तास उभे राहणे. होडीवर गोडे पाणी मोजके, म्हणून पिणेही मोजकेच. दोन्ही वेळा भात आणि कालवण, तेही बांगड्याचे, तारलीचे, नाहीतर सुकटीचे. तारली आणि त्या जातीच्या बारीक मासळीत प्यूरिन भरपूर असते. किनाऱ्याला लागल्यावर संध्याकाळी थोडी दारू, हे लपविण्यात अर्थ नाही. राजाला जे मेजवानीने मिळत असे ते आमच्या बाबांना मजुरीने मिळाले.

आपल्याकडील जुन्या ग्रंथांत या रोगाचे नाव वातरक्त. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात एकोणतिसावा अध्याय सबंध त्यावरच आहे. बाईंनी मराठी भाषांतर समोर ठेवून तो मजकडून वाचून घेतला. रोगाची दुसरी नावे तिथे दिली आहेत, त्यांत एक आहे आढ्यवात. आढ्य म्हणजे धनवान. म्हणजे आमचे डॉक्टर हसून जे बोलले ते चरकाच्या काळीही लोक बोलत होते! सुकुमार, गोडधोड खाणारा, चालण्याची सवय नसलेला माणूस याला बळी पडतो, असे तिथे म्हटले आहे. खारट, आंबट, तिखट फार खाणे, मासे व मांस, कुळीथ, उडीद, दही, मद्य, दिवसा झोप, रात्री जागरण, घोड्याउंटावरून फार फिरणे अशी कारणांची लांब यादी आहे. रोगाचे दोन प्रकार सांगितले आहेत: त्वचा व मांस यांत राहणारा तो उत्तान, आणि खोल जाऊन सांधे वाकडे करणारा तो गंभीर. रोग पायापासून, क्वचित हातापासून, सुरू होतो आणि उंदराच्या विषासारखा हळूहळू अंगभर सरकतो, अशी उपमा जुन्या वैद्यकात येते. बाबांचा अंगठा पाहिलेल्या मला ती नुसती उपमा वाटली नाही.

इथे माझ्यातील नवशिक्या वाचकाला मोठा मोह झाला. वातरक्त म्हणजेच गाऊट, आपल्या पूर्वजांना सगळे आधीच ठाऊक होते, असे लिहून टाकावे! पण तसे लिहिता येत नाही. वातरक्ताच्या वर्णनात गाऊट निश्चित बसतो. मात्र त्वचेचा रंग पालटणे, बधिरपणा, बोटे वाकडी होणे अशी लक्षणेही त्यात आहेत आणि ती दुसऱ्या रोगांचीही असू शकतात. जुन्या वैद्याने डोळ्यांना दिसले ते एका नावाखाली बांधले. युरिक ॲसिड हे द्रव्य शेले या शास्त्रज्ञाला १७७६ साली मूतखड्यात सापडले. सांध्यांवरील गाठी त्याच्याच क्षाराच्या असतात हे वोलास्टनने १७९७ साली दाखविले. आणि १८५४ साली लंडनच्या गॅरड नावाच्या डॉक्टराने गाऊटच्या रोग्याच्या रक्तद्रवात सुताचा धागा बुडवून ठेवला. त्या धाग्यावर स्फटिक जमले. आपल्याकडे खडीसाखर करताना दोऱ्यावर खडे जमवितात, तीच ही तऱ्हा. एवढ्या साध्या गोष्टीने रक्तात काय साठले आहे ते सिद्ध झाले.

पथ्याच्या बाबतीत मात्र जुने आणि नवे यांचा मेळ आणि बेबनाव दोन्ही पाहण्यासारखे आहेत. मद्य आणि मासे दोघांनाही अमान्य. चरक वातरक्तात दूध देतो. २००४ साली अमेरिकेत सत्तेचाळीस हजारांहून अधिक पुरुषांची बारा वर्षे पाहणी करून छापलेल्या अभ्यासातही दूधदुभते घेणाऱ्यांना गाऊट कमी झाल्याचे दिसले. पण त्याच अभ्यासात मांस व मासळी यांनी धोका वाढला, कडधान्यांनी नाही. चरकाच्या यादीत कुळीथ आणि उडीद आहेत. आमच्याकडे पहिला सल्ला मिळाला तो ‘डाळ बंद करा’ असा. महिनाभर बाबा डाळ सोडून सुकटीची चटणी खात होते. हसावे की रडावे!

आता औषधांकडे येऊ. वातरक्त म्हटले की पहिले नाव गुळवेलीचे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात अगदी शेवटच्या अध्यायात एकेका रोगावरील श्रेष्ठ औषध एकेका शब्दात सांगून टाकले आहे. त्यात वातरक्ताच्या वाट्याला गुळवेलच आली आहे. गुळवेलीचा काढा, गुळवेलीच्या काढ्यात शुद्ध केलेल्या गुग्गुळापासून त्रिफळा वगैरे घालून केलेला कैशोर गुग्गुळ, भातखाचरांच्या कडेला पाणथळीत उगवणाऱ्या काटेरी कोकिलाक्षाचा काढा, ही वैद्यांची नेहमीची औषधे. वैद्य ती रोग्याचे वय, भूक, कोठा पाहून देतात, सोबत पथ्य लावतात. गुळवेल सूज कमी करते असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. परंतु युरिक ॲसिडवरच्या गोळीच्या जागी गुळवेल घ्यावी, असे म्हणण्याजोगा भक्कम पुरावा मला कुठे मिळाला नाही.

शिवाय ‘झाडपाल्याला अपाय नाही’ हे वाक्य गुळवेलीपुरतेही खरे ठरत नाही. कोरोनाच्या साथीत घरोघर गुळवेल उकळली जात होती. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रोग्यांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने उत्तर दिले की, ती खरी गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकेल. वाद कोणी जिंकला हा माझा प्रश्न नाही. दोन्ही बाजू मान्य केल्या तरी बाजारातून आणलेली वेल कोणती आणि किती, हा प्रश्न उरतोच.

परंतु या लेखाचे खरे कारण गुळवेल नव्हे. बाबांना झटक्याच्या वेळी घेण्यासाठी जी गोळी दिली होती तिच्या पाकिटावर ‘कोल्चिसिन’ असे नाव होते. बारीकशी गोळी, औषध अर्धा मिलिग्रॅम. विज्ञान शाखेच्या सरांना मी ते नाव दाखविले. ते म्हणाले, “हे तुमच्या कुंपणावर उगवते की!” मला वाटले, थट्टा करीत आहेत.

तसे नव्हते. ती कळलावी. अग्निशिखा, खड्यानाग, वाघनखी, अशी तिची नावे. पहिल्या पावसानंतर कुंपणाच्या झुडपांवर चढणारी वेल, पानाच्या टोकालाच ताणा फुटून आधार धरणारी. फूल उमलताना पिवळे, मग ज्वाळेसारखे लाल होत जाणारे. गणपतीच्या माटवीला आम्ही ती बांधतो. जमिनीखालचा कंद नांगरासारखा वाकडा, म्हणून संस्कृतात लांगली. तामिळनाडूचे हे राज्यफूल आहे. तिथल्या करूर, दिंडिगल, तिरुप्पूर या भागांत शेतकरी तारांवर वेल चढवून तिची शेती करतात. फूल तोडीत नाहीत; बी काढतात, आणि ते औषध कारखान्यांना जाते, परदेशीही जाते. कारण त्यात कोल्चिसिन असते.

या द्रव्याचा इतिहास वाचताना मी हरवून गेले. युरोपात ते दुसऱ्याच एका झाडाच्या कंदातून मिळाले. काळ्या समुद्राच्या काठी आजच्या जॉर्जियात पूर्वी कोल्किस नावाचा प्रदेश होता, त्यावरून त्या झाडाचे नाव कोल्चिकम. ते विषारी आहे हे ग्रीक वैद्य डायॉस्कोरिडीझने पहिल्या शतकातच बजावून ठेवले होते. सहाव्या शतकातील ट्रॅलीझचा अलेक्झांडर गाऊटवर ‘हर्मोडॅक्टिल’ नावाचा कंद देत असे; तो याच जातीचा समजला जातो. युनानी वैद्यकातील सुरंजान तो हाच. त्याची एक जात काश्मीरात उगवते, आणि माजून सुरंजान युनानी दुकानात आजही मिळते. म्हणजे एकाच द्रव्याला युरोप आणि अरबस्तान एका कंदातून पोचले. आणि ते आपल्या कुंपणावर दुसऱ्याच वेलीत बसलेले होते.

फ्रान्समधील एक हकिकत तर आमच्या घरची वाटावी अशी आहे. १७८० नंतरच्या काळात हुसाँ नावाचा एक सैनिकी अधिकारी गाऊटवर एक गुप्त पाणी विकत असे. काय घातले आहे ते सांगत नसे. रोगी बरे होत, म्हणून मोठमोठे लोक ते घेत. काहींना ते भोवलेही. त्यात कोल्चिकम आहे, हे १८१४ साली एका इंग्रज डॉक्टराने उघड केले. गुप्त बाटली, तत्काळ गुण, वर काही लिहिलेले नाही. आमचा पुडीवाला काही पहिला नव्हे. १८२० साली पेलेतिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी त्या कंदातले क्षाराभ द्रव्य वेगळे काढले. त्याच वर्षी त्याच दोघांनी सिंकोनाच्या सालीतून क्विनीनही काढले. माझ्या मते खरा फरक तिथे पडला. कंद तोच होता. पण आता तोलता येऊ लागला.

तोलण्याला एवढे महत्त्व का, ते सरांनी समजावून सांगितले. पेशीच्या आत ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या सूक्ष्म नळ्या असतात. पांढऱ्या पेशी त्यांच्या आधाराने हालचाल करतात. कोल्चिसिन त्या नळ्या नीट बांधू देत नाही, म्हणून अंगठ्यावरील हल्ला थंडावतो. पण पेशी दुभंगून दोन होताना याच नळ्या लागतात. मात्रा वाढली की ज्या ठिकाणी पेशी सतत नव्या होतात तिथे काम बंद पडते: आतड्याचे अस्तर, हाडांतील मगज, केसांची मुळे. विषबाधेत काही तासांनी उलट्या आणि जुलाब सुरू होतात. मग रोगी सावरल्यासारखा वाटतो आणि दोनतीन दिवसांनी मूत्रपिंडे, रक्त, हृदय एकेक करून ढासळू लागते. वाचलाच तर पंधरवड्याने केस गळतात. यावर हमखास उतारा नाही. ७ मिलिग्रॅम एवढ्या थोड्या कोल्चिसिनने माणूस दगावल्याची नोंद आहे. म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमच्या चौदा गोळ्या. कंदात ते किती, हे बाहेरून कळत नाही. जमीन, हंगाम, झाडाचे वय यांनुसार ते पालटते.

आता माझी चूक सांगते. गेल्या श्रावणात हे सगळे ताजे ताजे कळल्यावर मी घरी गेले आणि रात्री जेवताना मोठ्या तोऱ्यात सांगितले की, बाबांची ती महाग गोळी म्हणजे आपल्या कुंपणावरची कळलावी आहे. मात्रेचे आणि विषाचे मी सांगितले नाही. खरे म्हणजे सांगणार होते. पण सगळे इतके थक्क होऊन माझ्याकडे पाहत होते की, मी तिथेच थांबले. असे कौतुक माझ्या वाट्याला फारसे आलेले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मागीलदारी आले तर सहाणेपाशी बाबा बसलेले. शेजारी मातीने भरलेला, बोटभर जाडीचा, वाकडा कंद. “फुकटात कुंपनावर हाय, तर मेडिकलला पैसे कशाला घालवायचे?” ते म्हणाले. त्यांचे गणित चुकीचे नव्हते. त्या आठवड्यात होडी वादळामुळे किनाऱ्यालाच होती, मिळकत नव्हती, आणि गोळ्या संपत आल्या होत्या. मी तोंड उघडण्याच्या आत आजी आली. माझी आजी नव्वदीला टेकली आहे. गावात दवाखाना होण्यापूर्वी ती बाळंतपणे करीत असे. तिने सहाणेवरचा कंद पायाने लोटला.

“मेल्या, कळलावी पोटात घेतोस? कुनी सांगितलं तुला?”

बाबांनी माझ्याकडे पाहिले.

आजीने मला जवळ बसवून सांगितले ते असे. बाई अडली की कळलावीचा कंद उगाळून तिच्या ओटीपोटावर आणि तळपायांना लेप लावीत. त्यानेच कळा येतात, म्हणून ती कळलावी. “नि पोर भायेर आलं गो आलं की त्याच घटकेला लेप धुवून काढायचा. विसरलीस तर बाई गेली. नि पोटात कधी म्हंजे कधी द्यायची न्हाय. ती बाहेरची हाय.” बाळंतपणातला हा लेपही धोक्याचाच, असे आजचे डॉक्टर सांगतात आणि तो कोणी करू नये. पण मला नवल वाटले ते आजीच्या नियमाचे. तिला ट्युब्युलिन ठाऊक नाही, मिलिग्रॅम ठाऊक नाही. या झाडाशी किती अंतर ठेवावयाचे, हे मात्र तिला पक्के ठाऊक होते. आयुर्वेदानेही लांगली उपविषांत घातली आहे. रुई, निवडुंग, कण्हेर, गुंज, अफू, धोतरा यांच्या पंक्तीला. गोमूत्रात शोधन केल्यावाचून तिला औषधात घेत नाहीत. म्हणजे परंपरा ‘अपाय नाही’ असे कधीच म्हणत नव्हती. ते बाजारात ओरडणारा म्हणत होता. आणि आजीजवळचे अर्धे ज्ञान व माझ्याजवळचे अर्धे ज्ञान यांच्यामधल्या फटीतून माझे वडील त्या दिवशी गेले असते.

त्या संध्याकाळी मी सगळे पुन्हा, या वेळी पुरते, सांगितले. हेही सांगितले की, कोल्चिसिन युरिक ॲसिड कमी करीतच नाही, ते फक्त लढाई थांबविते. साठा कमी करण्यासाठी दुसरी गोळी आहे, अलोप्युरिनॉल. ती कोणत्याही झाडाची नव्हे. हिचिंग्ज आणि एलियन या अमेरिकेतील दोन शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत ती तयार झाली, १९६६ पासून ती गाऊटवर वापरात आली, आणि औषधे शोधण्याच्या त्यांच्या एकूण कार्याबद्दल १९८८ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. ती युरिक ॲसिड तयार करणाऱ्या विकरालाच अडविते. ती रोज घ्यावी लागते, दुखत नसतानाही. आणि हिची एक खोड आहे. साठलेले स्फटिक विरघळू लागले की सुरुवातीच्या महिन्यांत उलट जास्त झटके येऊ शकतात. बाबांना तसेच झाले होते. “गोळी लागू नाय पडली” म्हणून त्यांनी ती गुपचूप बंद केली होती आणि पुडीवाल्याकडे परत जाण्याचा विचार चालविला होता, हे मला त्या रात्री कळले. डॉक्टरांनी हे आधी सांगितले नसेल असे नाही. पण रांगेत शंभर माणसे असताना जे सांगितले जाते ते आमच्यासारख्यांच्या कानांत शिरत नाही. आम्ही मान डोलावतो आणि बाहेर येऊन एकमेकांना विचारतो, काय म्हणाले? गोळी पुन्हा सुरू करताना आम्ही डॉक्टरांकडे गेलो तेव्हा मी कागदावर प्रश्न लिहून नेले होते. अंगावर पुरळ आले तर काय करावयाचे, हाही त्यांत होता. तो प्रश्न चांगला आहे, असे डॉक्टर म्हणाले. पुरळ आले तर गोळी थांबवून ताबडतोब यावयाचे.

आता बाबांचे युरिक ॲसिड ६.३ वर आले आहे. सहाच्या खाली न्यावयाचे आहे. साखर जवळजवळ ताळ्यावर आली. होडीवर जाताना ते पाण्याचा वेगळा कॅन नेतात, त्यावरून बाकीचे खलाशी त्यांना ‘पानीवाले’ म्हणतात. बर्फाच्या कप्प्यात उतरताना गुडघ्यापर्यंतचे बूट घालतात. दारू सुटली असे म्हणवत नाही, कमी झाली आहे. तारली अजून सुटत नाही. आई डाळ करते आणि ते ताटाकडे बघून म्हणतात, हे पावन्यांचं जेवान.

यंदा गणपतीत माटवी बांधताना आजीने नेहमीप्रमाणे कळलावीची फुले मागितली. मी तोडून आणली. तिने ती बांधली, मग मला हाताला धरून मागीलदारी नेले आणि माझे दोन्ही हात राख लावून घासून धुतले. कंद खणला होता त्या जागी नवा कोंब फुटला होता. तो उपटू का, असे मी विचारले. ती म्हणाली, “ऱ्हाऊ दे. फुलां लागतात पुढल्या वर्षी.”